एकोणीस दिवसांचं लिखाण

हात थरथरायला लागल्यापासून बाबांनी पेन सोडलं होतं, म्हणून धाकटीने आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. त्याची हार्डडिस्क मेलेली, बॅटरी नावापुरती, म्हणून प्लग कायम लावलेला. पण बोटभर पेनड्राइव्हवर तिने हलकंसं लिनक्स टाकलं होतं. तो लावून यंत्र सुरू केलं की सगळी प्रणाली मेमरीत चढायची आणि म्हातारं यंत्र तरण्यासारखं धावायचं.

"आणि गंमत बघा बाबा," धाकटी कौतुकाने म्हणाली होती, "एकदा सुरू झालं की पेनड्राइव्ह काढून घेतला तरी चालतं!"

पेनड्राइव्ह लावलेला असला तरच लिखाण दर अर्ध्या तासाने त्यावर उतरतं, हे मात्र सांगायचं राहून गेलं.

बाबांनी चाळीस वर्षं प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं फुंकली होती. दोन जातींच्या काचा तडा न जाता सांधायची हातोटी त्यांच्यासारखी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. "हातातलं कागदावर येत नाही," म्हणत त्यांनी ती कधी लिहून ठेवली नाही. आता मात्र एका बोटाने टकटक करत ते रोज लिहीत. थकले की झाकण मिटत; यंत्र डुलकी घेई आणि सकाळी त्याच ओळीवर जागं होई. पेनड्राइव्ह त्यांनी पहिल्याच दिवशी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. नाजूक वस्तू उघड्यावर टाकणाऱ्यांतले ते नव्हतेच.

विसाव्या दिवशी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ते डाव्या हाताने सारखं हवेत काहीतरी उघडून दाखवत होते. धाकटीला ते कळलं. तिने भावाला फोन करून लॅपटॉप आणायला सांगितलं. तेवढ्यात नर्सने बाबांच्या खिशातल्या वस्तू तिच्या हातात दिल्या: चष्मा, रुमाल, पेनड्राइव्ह.

म्हणजे सगळं लिखाण फक्त यंत्राच्या मेमरीत होतं. तिने पुन्हा फोन लावला.

"दादा, प्लग काढू नकोस! तसाच राहू दे, मी येते."

"अगं, केव्हाच काढला. बॅग खांद्याला लावून दारात उभा आहे. वायरपण घेतलीय, शास्त्रज्ञ बाई. तेवढी अक्कल आहे मला."

"उघडून बघ. काही दिसतंय?"

"काळंकुट्ट. का गं, बिघडला?"

"नाही," ती म्हणाली. "ये तू."

बिघडलं काहीच नव्हतं. वीज तुटली की मेमरी कोरी होते, हे ती दरवर्षी कॉलेजात वर्गाला शिकवत आली होती.

लॅपटॉप आला. तिने पेनड्राइव्ह लावून तो सुरू केला आणि पडदा आपल्याकडे वळवून बसली. बाबांनी डावा हात कानाशी नेला. वाच.

खरं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि लहानपणी भट्टीपाशी उभं राहून ऐकलेलं आठवेल तसं ती बोलू लागली. "आधी दोन्ही नळ्या सावकाश तापवाव्यात. ज्योत पिवळी ठेवावी. घाई केली तर..."

"वा!" दादा म्हणाला. "बाबा, पुस्तक काढा आता."

बाबा ऐकत होते. तिसऱ्या वाक्याला त्यांच्या कपाळावर आठी पडली. कारागिराला आपला सांधा ओळखू येतो, तसाच दुसऱ्याचाही. डाव्या हाताने त्यांनी लॅपटॉप हळूहळू आपल्याकडे वळवला.

पांढरं पान. त्यावर एकही अक्षर नाही.

"बाबा, मीच म्हणाले होते, काढला तरी चालतं," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो झिडकारला नाही, धरलाही नाही. फक्त खालून आपला हात काढून घेतला आणि झाकण मिटलं. आवाज होऊ नये इतक्या हलकेच.