सुईचं टोक

तुकडा कुठे सापडला : लहान मुलीच्या फ्रॉकच्या कॉलरमध्ये. तांदळाच्या कणीएवढं सुईचं टोक मुलीच्या मानेत रुतलं, आणि तक्रार दुकानातून उलटी चालत कारखान्यात आली. हा प्रश्नांचा छापील कागद घेऊन माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या तपासनीसबाई आल्या.

नोंद आहे का : नाही. इथं सुई मोडली की चेकरबाई चुंबक फिरवून तुकडे गोळा करी, वहीत चिकटपट्टीनं डकवी. सुई पुरी जुळल्याशिवाय नवी मिळत नसे. नऊ वर्षं तिनं ही वही डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. वहीतली एकेक सुई पुरी होती.

म्हणजे फ्रॉक इथं शिवलाच नव्हता.

कुठे शिवला, हे कॉलरची टीप पाहताच तिनं ओळखलं. घाईचं काम मॅनेजर मागच्या दारानं घरोघरी धाडत असे. कागदोपत्री सगळं कारखान्यातच. आणि शेवटची टीप तीनदा मागेपुढे मारायची खोड तिच्या थोरल्या जावेची.

जबाबदार कोण : मॅनेजरनं सतरा नंबरच्या मशीनवरच्या मावशीचं नाव सांगून टाकलं. चेकरबाईला बाजूला घेऊन म्हणाला, वहीतलं मावशीच्या सुईचं एक पान फाड, मावशीची नजर तशीही गेलीय. खरं बोललीस तर घरचं काम बंद, आणि तुझ्या घरी कोण शिवतं ते मला ठाऊक आहे.

जेवणाच्या सुट्टीत ती घरी धावली. जाऊबाई मशीनवरच होत्या. सुई मोडली होती का, तिनं विचारलं.

“मोडली. आल्या फौजदारीणबाई,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तुमच्याकडे सुईचाही पंचनामा. इथं मी मोडले तरी कोण लिहून घेतंय?”

चेकरबाई परतली. वही तपासनीसबाईंच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, “मावशीचं नाव खोडा. हा फ्रॉक आमच्या घरी शिवलाय.”

कागदावर मशीन क्रमांकाचा तेवढा चौकोन होता, घराच्या पत्त्याला जागा नव्हती. बाईंनी कागद उलटा केला नि पत्ता विचारला. मग अशी घरं किती, ते. एकवीस, ती म्हणाली. मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागला. त्यांचं काम राहील ना, या तिच्या प्रश्नावर, ते आपल्या हातात नाही, असं बाईंनी सरळ सांगितलं. तिनं सही केली.

संध्याकाळी जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मशीनवरच्या अर्धवट कॉलर गोळा करून तिच्या मांडीवर ठेवल्या.

“या परत तूच नेऊन दे,” त्या म्हणाल्या.