सच्छिद्र दाण्यांनी उगवलेला सूड

मित्रांनो, मी जन्मतः दुष्ट नाही, हे आधीच सांगतो. मी बरणीभर पांढरे दाणे आहे, आता जुना झालो आहे. माझ्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रे आहेत. धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यांत शिरतो आणि अडकून बसतो. मला तापवले की तो बाहेर येतो. मग तो सिलिंडरमध्ये साठवायचा, आणि मी पुन्हा कामाला तयार!

मला प्रयोगशाळेतल्या बाईंनी घडवले. सात वर्षे त्या खपल्या, एकशे बारा बरण्या फुकट गेल्या, तेव्हा कुठे मी जमलो. मी जरा अधाशीच आहे. हवेतली ओल मिळाली की आधी तीच पितो, मग वायूला जागा उरत नाही. म्हणून बाई मला तापवून, घट्ट झाकण लावून ठेवत.

पुढे प्रयोगशाळेच्या मुख्य साहेबांनी मला उचलले. वर्तमानपत्रात त्यांचा आणि माझा फोटो आला. बाईंचे नाव कुठेच नव्हते. साहेबांच्या केबिनमध्ये, माशांच्या पेटीशेजारी, उघड्या वाडग्यात मी तीन महिने शोभेसाठी पडून होतो.

"साहेब, पाहुण्यांना दाखवण्याआधी हे चार तास तापवावं लागेल," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मला शिकवू नका. दाणेच तर आहेत. ओतायचे आणि दाखवायचे!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्याच क्षणी मी ठरवले, या माणसाचे नाक कापायचेच.

पंधरा पाहुणे जमले. साहेबांनी मला वायू भरलेल्या काचेच्या खोक्यात ओतले. आता खोक्यातला वायू मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा उतरायला हवा होता. मी मात्र पोटभर ओल पिऊन ढिम्म बसलो. साहेबांचा चेहरा पडत गेला, तशा माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटू लागल्या.

पण साहेब बारा गावचे पाणी प्यायलेले. ते म्हणाले, "हे सगळं या बाईंनी बनवलंय. माझा याच्याशी काडीचाही संबंध नाही!"

माझे धाबे दणाणले. सूड साहेबांवर उगवायचा होता आणि बळी बाईंचा जाणार होता.

बाई उठल्या. "हो, मीच बनवलंय. मला फक्त चार तास द्या."

पाहुणे जेवून, सगळी प्रयोगशाळा हिंडून येईपर्यंत बाईंनी मला भट्टीत कोरडे केले. मग मी हावरटासारखा वायू ओढला. आकडा घसरतच गेला. टाळ्या पडल्या. फोटोसाठी साहेब टाय सारखा करत पुढे आले.

"तुमचा काडीचाही संबंध नाही ना?" मुख्य पाहुण्या म्हणाल्या. "मग जरा बाजूला व्हा."

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा आणि त्या घडवणाऱ्यांचा मान त्याहून अधिक राखा. तो फोटो इथेच भिंतीवर आहे. त्यात साहेबांचे फक्त कोपर आले आहे. इतकी वर्षे मी ते रोज पाहतो, आणि मला अजूनही त्यांची दया येत नाही.