वजूच्या पानाखाली मयताची आंघोळ

अक्षरं मी चाळिशी उलटल्यावर शिकलो, तीही या पेसांत्रेनमध्येच, म्हणजे आमच्या निवासी मदरशात, त्याच्या म्हाताऱ्या प्रमुखांच्या, कियाईंच्या, पुढ्यात चटईवर बसून. त्याआधी मी इथली छपरं शाकारायचो. पुढे कियाईंनीच मला पहाटेच्या वर्गाला शिकवायला बसवलं. मी अरबी शब्द वाचायचा, त्याचा आमच्या जावी भाषेतला अर्थ सांगायचा, आणि पोरांनी तो आपापल्या पुस्तकात त्या शब्दाखाली बारीक अक्षरात लटकवायचा. मधे बोलायचं नाही. उस्तादाला अडवणं म्हणजे बेअदबी.

कियाई गेले. त्यांचा मुलगा, गुस नधीफ, शहरातून शिकून आला. कियाईंच्या मुलाला आम्ही गुस म्हणतो; तो मला म्बाह म्हणायचा, म्हणजे आजोबा.

"म्बाह, ईदनंतर अभ्यासाचं नवं वर्ष सुरू होईल तेव्हा फळा लावू," तो म्हणाला. "मुलांनी प्रश्न विचारायला हवेत."

"माझी चटई तेवढी राहू द्या, गुस. प्रश्न विचारायला लागली की माझ्या चपलाही कोणी फिरवून ठेवणार नाही."

उस्ताद आत गेला की पोरं त्याच्या चपलांची तोंडं बाहेर करून ठेवतात, निघताना सरळ पाय घालता यावा म्हणून. एका छपरवाल्याच्या चपला फिरतात, एवढीच माझी कमाई.

"ठीक," गुस म्हणाला. "रमजानआधी मुलांची पुस्तकं बघतो. समजलेलं दिसलं तर चटई, नाहीतर फळा."

आमची पुस्तकं शिवलेली नसतात, पानं सुटीच. एका पहाटे माझ्या हातून ती सांडली. गोळा केली, अंदाजानेच एकामागे एक लावली; डोळे आता पूर्वीचे नाहीत. वाचत राहिलो.

रमजानआधी गुस माझ्या वर्गातल्या फाइकचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. फाइक मागे उभा.

"म्बाह, हे पान वजूचं आहे ना, नमाजाआधी हातपाय धुण्याचं? खाली अर्थ बघा. मयताला घालायच्या आंघोळीचा." त्याला हसू आवरेना, मग आवरलं. "सगळ्यांनी हेच लिहिलंय."

मी फाइकला विचारलं, "शब्द जुळत नाहीत, दिसलं नाही तुला?"

"दिसलं, उस्ताद."

"मग?"

"वाटलं, माझ्याच पुस्तकात चुकीचं छापलंय."

"सगळ्यांच्याच?"

"तुम्ही कसे चुकाल, उस्ताद?"

एरवी हे ऐकून ऊर भरून आला असता. आता मी पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. मीही असाच शिकलो होतो. माझ्या पुस्तकात काय काय लटकलंय कोण जाणे.

"फळा लावा," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"माझे गुडघे उभं राहण्याचे नाहीत."

"बसूनच शिकवा. फक्त प्रत्येक ओळीनंतर थांबत जा."

थांबणं हे वाचण्यापेक्षा जास्त दमवतं. पोरं माना खाली घालून बसायची. "अरे, विचारा काहीतरी, मी अजून मयत झालेलो नाही," असं म्हटलं की लुंगीत तोंड लपवून हसायची, आणि पुन्हा गप्प. रोज तेच. वाटायचं, छपरं बरी होती.

एका पहाटे फाइक मान वर न करता पुटपुटला, "उस्ताद, ही ओळ नाही कळली."

सांगितली. तरी कळली नाही. आणखी एकदा सांगताना लक्षात आलं, ती मलाच नीट कळलेली नाही.

"गुसला विचारतो," मी म्हणालो. "उद्या सांगेन."

कोणी हसलं नाही. भिंतीला धरून उठलो. दारात खाली बघायचा धीर होईना, म्हणून पायानेच चाचपलं.

चपलांची तोंडं बाहेर होती.