सिमेंटखालच्या दोन ओळी

मंगळवारी सकाळी शिळेच्या तळाचं सिमेंट निघालं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत संग्रहालयाच्या अनुवादिकेच्या तोंडचं पाणी पळालं.

शिळा तीनशे वर्षांपूर्वीची, इटालियन भाषेतली. साथीच्या रोगात पोरं गमावलेल्या एका आईने चर्चमध्ये देवमातेच्या वेदीपाशी बसवलेली. बत्तीस वर्षांपूर्वी अनुवादिकेच्या वडिलांनी तिचं इंग्रजी केलं, ते पितळी पाटीवर कोरून शेजारी लावलं गेलं. त्या मजकुराचा अर्थ असा: ‘माते, माझ्या तीन लेकरांतलं एक तू परत दिलंस. दोघांना कुशीत ठेवलंस, म्हणून मी निवांत आहे.’ लोक तो वहीत उतरवून घेत. शनिवारी दालन नव्याने उघडणार होतं आणि सत्काराला उत्तर म्हणून बाबा तोच मजकूर वाचणार होते.

“शिव्या द्याव्यात की शाबासकी, कळत नाही,” दगड साफ करणारा कारागीर म्हणाला. “सिमेंट थापणाऱ्याने अक्षरं दाबली, पण टिकवलीही त्यानेच. बघा ताई, कालच कोरल्यासारखी आहेत.”

“हे सिमेंट कधीचं?”

“शिळा इथे संग्रहालयाच्या भिंतीत बसवली तेव्हाचं. चाळीस वर्षं तरी झाली.”

म्हणजे बाबांनी या ओळी पाहिल्याच नव्हत्या. एक लेकरू परत मिळाल्याचं वरच्या भागात होतं, ते बरोबर. खाली मात्र लिहिलं होतं: ‘दोघांचं काय, हे मी तुला रोज विचारते. तू अजून उत्तर दिलेलं नाहीस.’

या धंद्याची एक रीत आहे. झिजलेला, झाकलेला मजकूर अंदाजाने भरायचा तर तो चौकोनी कंसात. कंसाबाहेरचं दगडाचं, कंसातलं आपलं. तिला हे बाबांनीच शिकवलं होतं, तेही कान पिळून. तिने संग्रहालयाच्या दप्तरातून जुनी फाइल काढली. टाइप केलेल्या खर्ड्यात ‘दोघांना’पासून शेवटपर्यंतचा मजकूर कंसात होता. कोरणाऱ्याकडून तपासायला आलेल्या नमुन्यातही कंस होते. त्या नमुन्यावर दोन्ही कंसांवर लाल शाईची काट होती आणि समासात बाबांचं तिरकं अक्षर: ‘काढून टाका.’

खालची तारीख तिने दोनदा वाचली. तिचा दादा तापाने गेला, त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. दादा नऊ वर्षांचा होता, ती चार.

नवा मजकूर पाच वाजता छापायला जायचा होता. तीनला ती घरी पोचली. बाबांनी शिळेचा फोटो भिंगाखाली धरला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

“बरोबर वाचलंयस,” ते म्हणाले.

“कंस तुम्ही काढलेत.”

“तुझी आई झोपत नव्हती गं. उठता-बसता एकच, माझंच पोर का? मी तिला खर्डा वाचून दाखवला. वाचताना कंस कुठे ऐकू येतात? त्या दिवशी ती झोपली. मग म्हणाली, पाटी लागली की मला घेऊन चला.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “कंस दिसले असते तर तिने हे काय म्हणून विचारलं असतं. तिला गुंडाळणं सोपं नाही.”

“गुंडाळलंत की बत्तीस वर्षं.”

“मी आहे तोवर राहू दे तसंच. किती दिवस राहिलेत माझे?”

“खाली माझं नाव जाणार आहे, बाबा.”

“माझंही गेलं होतं.”

धुतलेले टॉवेल घेऊन आई आत आली. “काय खलबतं चाललीत बाप-लेकीची? माझ्या कानावर काही पडू द्यायचं नसेल तर दार तरी लावा.”

बाबांनी फोटो पालथा घातला. लेकीने तो सुलटा केला आणि खालच्या ओळींचा अर्थ सांगितला.

आई टॉवेलांसकट बसली. “पुन्हा सांग.”

तिने पुन्हा सांगितलं.

“रोज विचारते, म्हणाली?”

“हो.”

“आणि निवांत वगैरे काही नाही?”

“नाही.”

आई नवऱ्याकडे वळली. “दर वर्षी त्याच्या दिवशी मी त्या पाटीपुढे उभी राहिले. वाटायचं, हिची दोन गेली तरी ही निवांत. माझं एकच गेलं आणि माझा जीव अजून जळतोय. खोट माझ्यातच आहे म्हणायचं. म्हणून तुमच्यापाशी त्याचं नाव काढायचं सोडलं.”

“मला वाटलं, तू सावरलीस,” बाबा म्हणाले.

“मी तोंड मिटलं, अहो. सावरले कुठे?”

मग लेकीने कचेरीत फोन लावला आणि नवं इंग्रजी शब्द-शब्द करून सांगितलं. एका ठिकाणी ती अडखळली, तेव्हा बाबांनी नजर न उचलता योग्य शब्द पुरवला. तिने तो घेतला. पावणेपाच झाले होते.

“शनिवारी तुमच्या सत्काराला मी येणार नाही,” आई म्हणाली. “सोमवारी जाईन, गर्दी नसताना. तिच्यापाशी जरा बसेन.”

“मी येऊ सोबत?” बाबांनी विचारलं.

“नको. तुम्ही मधेच काहीतरी वाचून दाखवाल.”