सातव्या दिवसाआधी

हाडं बसवणाऱ्या साखरबाईने बांधलेली पट्टी सातव्या दिवशी साखरबाईच सोडणार, मध्ये कुणी गाठीला बोट लावायचं नाही, हा पाड्याचा कायदा. म्हणून सहा वर्षांची नवसी बांधलेल्या हाताच्या कळेने कळवळत होती तरी तिच्या बापाने, जिवल्याने, गाठ सोडली नाही. तिला उचलून त्याने थेट म्हातारीचं दार गाठलं.

"सकाळी झाडावरून पडली तवा पन एवढी नव्हती रडली," तो म्हणाला.

साखरबाई मुळातच चौकस. बांबूच्या कामट्यांनी हाड धरलं की पोर निजतं, हा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव. मग हिची कळ वाढते कशी? तिने कायदा गुंडाळून ठेवला आणि गाठ कापली. कोपराखालचा हात टणक, चकचकीत झाला होता. करंगळी जराशी सरळ करायला गेली, तर नवसीने किंकाळी फोडली. हाड मोडलंय हाताचं, आणि कळ येते बोट ताणलं की? साखरबाईने दारातून हाक मारली.

"कमलेश, रिक्षा काढ!"

कमलेश तिचा मुलगा. त्याच्या उजव्या हाताची बोटं लहानपणी हात मोडल्यापासून आकड्यासारखी वळलेली. त्या आकड्यातच हँडल धरून त्याने बोईसरचा दवाखाना गाठला.

डॉक्टर वैभवीने बोटं तपासली आणि लगेच ऑपरेशनसाठी जिवल्याची सही घेतली.

"नाडी तर लागते हाय," साखरबाई म्हणाली. "मंग घाई कसली?"

"नाडी लागली तरी हात आतून आवळला जातो, आजी. स्नायूंवरचं आवरण ताणलं जात नाही. आत सूज चढली की त्यांचं रक्त बंद. ते आवरण चिरून मोकळं करायला हवं, आत्ताच."

तासाभराने वैभवी बाहेर आली. "वाचला हात. जखम काही दिवस उघडी ठेवू, सूज उतरली की शिवू. पट्टी वेळेवर सोडलीत."

"आनि नसती सोडली तर?" म्हातारीला विचारल्यावाचून राहवेना.

"हाड जुळलं असतं. पण स्नायू मरून आखडले असते. बोटं अशी झाली असती." वैभवीने हाताचा आकडा करून दाखवला.

पंचवीस वर्षं साखरबाई कमलेशच्या तशाच आकड्याला देवीचा कोप म्हणत आली होती. तिला लाज वाटली, रडू फुटलं. बाकावर बसलेल्या कमलेशने आपल्या हाताकडे पाहिलं.

"आये, माजा हात बांधलास तवा मी रडलो नव्हतो का?"

"दोन दिस रडलास," ती म्हणाली. "मंग गप झालास. मला वाटलं, हाड धरलं."