धोंडूबाईंच्या पत्र्यावरची वायर

"बाबू, पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात रे! तुझी वायर घासती हाय. काढ की जरा!"

धोंडूबाई पुन्हा एकदा सांगत होत्या. कामतघरच्या चाळीत त्यांची खोली बाबूच्या खोलीला लागूनच. आणि चाळीत वीज कुठून येते विचाराल, तर आकडा टाकून! चाळमालक काळूरामशेठ बांबूने खांबावरच्या तारेला आकडा लावायचे आणि भाडेकरू त्यातून आपापली वायर ओढून घ्यायचे. बाबूची वायर धोंडूबाईंच्या पत्र्यावरून गेली होती. ही चोरी आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. सगळेच करतात ना, मग झालं!

बाबू कापडाच्या लूमवर फिटर. ख्रिस्ती माणूस, निर्व्यसनी, गोड गळ्याचा. दर रविवारी त्याच्या खोलीत प्रार्थनेची घरसभा भरायची.

"मावशी, उद्या घरसभा आहे. मे महिना, एवढीशी खोली, पंख्याशिवाय माणसं बसतील कशी? सोमवारी नक्की काढतो."

धोंडूबाई गेल्यावर त्याची बायको स्नेहा म्हणाली, "अहो, आत्ताच काढा. चोरीच्या पंख्याखाली बसून देवाला काय सांगणार आपण?"

"अख्खी चाळ हेच करते."

"अख्खी चाळ स्वतःला प्रभूची लेकरं म्हणवत नाही. आपण म्हणवतो!"

बाबू चिडून बाहेर गेला. बायकोचं खरं बोलणं नवऱ्याला जेवढं झोंबतं, तेवढा विजेचा झटकाही झोंबत नसेल!

रविवारी सभा रंगली. पंखा गरगरत होता. बाबू डोळे मिटून खड्या आवाजात म्हणत होता, "हे प्रभू, आमच्या शेजाऱ्यांचं रक्षण कर! धोंडूमावशींना सांभाळ..."

तेवढ्यात पलीकडून किंकाळी आली. बाबू धावला. ओली साडी वाळत घालायला गेलेल्या धोंडूबाईंचा हात पत्र्याला चिकटला होता. अंग थरथरत होतं, डोळे पांढरे झाले होते. कुणीतरी त्यांना ओढायला पुढे झालं.

"हात लावू नका!" बाबू ओरडला. त्याने कोपऱ्यातला वाळका बांबू उचलला आणि खांबावरचा आकडा उडवला. चाळीची वीज गेली. धोंडूबाई धाडकन खाली कोसळल्या.

डॉक्टर येईपर्यंत कुणाच्या जिवात जीव नव्हता. तळहात भाजला होता, पण श्वास चालू होता. डोळे उघडल्यावर म्हातारीने समोर बसलेल्या बाबूकडे पाहिलं.

"माझ्यासाठी मागत व्हतास ना देवाकडं? ऐकू आलं मला. बाबू, कालच वायर काढली असतीस, तर देवाला कशाला तरास झाला असता?"

बाबूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी काळूरामशेठ आकडा परत लावायला आले. बाबूने बांबू घट्ट धरून ठेवला.

"शेठ, आकडा नको."

"तूच एकटा हरिश्चंद्र का रे? नसेल पटत तर खोली खाली कर!"

"करतो. पण आधी आत जाऊन मावशींचा हात बघा. मग तुम्हीच सांगा, आकडा लावायचा का."

भोवतीचे भाडेकरू कुजबुजायला लागले. गर्मीत आता कसं झोपायचं, एकाच्या पुण्याईपायी सगळ्यांनी का सोसायचं? कुणी शिवी हासडली. स्नेहा मात्र नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. काळूरामशेठ पाय आपटत आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"उद्या मीटरचं बघतो. तोवर अंधारात बसा!"

"बसू," बाबू म्हणाला.

मंडळी, तुमचा देव कुठलाही असो, तुमची प्रार्थना भिंतीपलीकडचा शेजारीही ऐकत असतो. रविवारी तुम्ही काय गाता ते तो विसरून जाईल. शनिवारी त्याने हाक मारली तेव्हा तुम्ही उठलात की नाही, हे तो जन्मभर विसरत नाही.