कारवीतली उतरण

फौजेतून सुटून आल्यापासून उदयसिंहला कुणी निवांत बसू दिलं नव्हतं. भावकीतलं लग्न, विहिरीवरची मोटर, चुलत्याचं ऑपरेशन. कडेगावात कुणाचं काही अडलं की 'फौजीला सांगा'. आणि हाही लगेच उठायचा. शेवटी आष्ट्यात सायकलचं दुकान चालवणारा त्याचा दोस्त अफताबच म्हणाला, "चल गड्या, एक दिवस जंगलात. तितं तुला कोन हाक मारायचं न्हाई."

म्हणून दोघं पाटणच्या वरच्या रानात आले होते. जाड टायरच्या सायकली अफताबच्या दुकानातल्या. वाट फार अवघड नव्हती, पण सोपीही नव्हती. आधी हिरड्या-जांभळांच्या सावलीतून लांबलचक चढ, मग खडकाळ सड्याची मोकळी सपाटी, आणि पलीकडं कारवीच्या झुडपांच्या दाटीतून थेट वस्तीपर्यंत दगडाळ उतरण. सड्यावरून कोयनेचं पाणी निळंशार दिसत होतं. अफताब फोटो काढत होता. उदयसिंह नुसता बघत राहिला. आपल्याला छान वाटायला हवं, एवढंच त्याला कळत होतं.

उतरणीला अफताब पुढं होता. एका वळणावर सुट्या मुरमात त्याचं पुढचं चाक घसरलं आणि गडी हँडलवरून पलीकडं फेकला गेला. उदयसिंह पोचला तेव्हा तो खांदा धरून, दात आवळून बसला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. उदयसिंहनं टॉवेलची झोळी करून त्याचा हात गळ्यात बांधला, पाणी पाजलं. मग त्याला उठवायला वाकला, आणि वाकल्या जागीच मटकन खाली बसला.

"काय झालं रं?"

"न्हाई उठवत." स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "लय दमलोय, अफताब. आजचा न्हाई, लय दिसांचा. आता तुलाबी मीच उचलायचा?"

बोलून गेल्यावर त्याला लाज वाटली. पण अफताब चिडला नाही. दगडाला पाठ टेकत म्हणाला, "मग बस की. मी कुटं पळून चाललोय?"

"दुखतंय न्हवं तुला?"

"दुखतंय तर. दुखंल आनि थोडा वेळ. तू बस."

बसले दोघं. कारवीतनं वारा सळसळत होता. उदयसिंहच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलं नाही, आणि अफताबनंही तिकडं पाहिलं नाही. मध्येच एकदा म्हणाला, "घरी तुज्या वहिनीला, सबीनाला सांगताना, मी हळू चालवत हुतो म्हनून सांग." रडता रडता उदयसिंहला हसू फुटलं.

ऊन कललं तसा तो आपणहून उठला. सायकली तिथंच झुडपात सारल्या, अफताबचा चांगला हात खांद्यावर घेतला, आणि जागोजागी थांबत दोघं खाली उतरले.

वस्तीच्या पहिल्याच अंगणात बयाबाई नावाची म्हातारी नाचणीची कणसं वाळवत होती. तिनं मान वर केली. एकजण गळ्यात हात बांधलेला, दुसरा ओसरीच्या लाकडी मेढीला धरून कसाबसा उभा.

"आगं बया! लागलंय तरी कुनाला?"

"दोघास्नीबी, मावशी," अफताब म्हणाला.

तिनं लेकाला जीप बघायला पिटाळलं, घोंगडं अंथरलं आणि चुलीवर चहा ठेवला. जीप येईपर्यंत दोघं शेजारी शेजारी पडून राहिले.